मुंबईत प्लॉटच्या हद्दीपासून अंतर सोडताना: मोजायचं कुठून आणि कोणत्या क्रमाने

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत हमखास कुणीतरी उठून सांगतं, "मी स्वतः टेप लावून बघितलंय, रस्त्याच्या बाजूला साडेचार मीटर मोकळे आहेत, काळजी नको." टेप लावलेला असतो कंपाउंड वॉलला. ती भिंत कधी, कुणी, कशाच्या आधारे बांधली हे कुणालाच माहीत नसतं. कागदावर हद्द वेगळीच असते आणि रस्त्याची रेषा त्याहूनही आत आलेली असते. मग नकाशा पालिकेत जातो, त्रुटी निघतात, फ्लॅटचे कबूल केलेले क्षेत्रफळ घटते आणि सभासद कमिटीच्या मागे लागतात.

गोंधळाचं मूळ एकच आहे. रस्त्याच्या बाजूला दोन वेगवेगळ्या वजावटी असतात आणि लोक त्यांची एकच करून टाकतात. पहिली म्हणजे रस्तारुंदीत जाणारी पट्टी. पालिकेच्या बोलीत हिलाच सेटबॅक म्हणतात. ती पालिकेच्या ताब्यात द्यायची, पुढे ती तुमची राहत नाही. दुसरी म्हणजे इमारतीभोवती मोकळं सोडायचं अंतर, अर्थात ओपन स्पेस. ही जमीन तुमचीच, फक्त तिच्यावर बांधायचं नाही. ओपन स्पेस मोजायची ती सेटबॅक वजा करून उरलेल्या हद्दीपासून. पुढचे सगळे टप्पे ही एक गोष्ट नीट पार पाडण्यासाठी आहेत.

टप्पा १: आपलं नियोजन प्राधिकरण कोण, ते आधी ठरवा

नियोजन प्राधिकरण म्हणजे तुमचा नकाशा मंजूर करणारी संस्था. मुंबईत आहोत म्हणजे महापालिका, असं गृहीत धरू नका. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, गोरेगावचं मोतीलाल नगर या म्हाडाच्या वसाहती. त्यांच्या नकाशांचं काम २०१८ पासून म्हाडाकडे आहे. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना असेल तर एसआरए. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. बाकी बहुतेक ठिकाणी महापालिकेचं बिल्डिंग प्रपोजल खातं, आणि त्याचीही शहर, पूर्व उपनगरं, पश्चिम उपनगरं अशी वेगवेगळी कार्यालयं.

मग नियमावली. महापालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, म्हणजे सगळे ज्याला डीसीपीआर म्हणतात ती. विकास आराखडा आणि ही नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आली. वगळलेले काही भाग मागाहून मंजूर झाले. त्यामुळे प्रत वापरायची ती नंतरच्या दुरुस्त्या घातलेली.

इशारा: नेटवर शोधलं की पहिल्यांदा हाती लागते ती युडीसीपीआर. डिसेंबर २०२० ची ही एकत्रित नियमावली ठाणे, मीरा-भाईंदर, वसई-विरारला चालते. बृहन्मुंबई महापालिकेला ती लागू नाही. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे बांधलेल्या मेव्हण्याच्या सोसायटीचे आकडे अलीकडे आणू नका.

दुसरी चूक ज्येष्ठ मंडळींची. "उंचीच्या एक तृतीयांश" हे सूत्र त्यांना तोंडपाठ असतं. ते १९९१ च्या नियमावलीतलं आहे. तेव्हा बाजूची आणि मागची अंतरं त्याने ठरत, किमान ३.६ मीटर. आज त्यावर नकाशा काढायचा नाही.

टप्पा २: कागद गोळा करा आणि क्षेत्रफळं एकाखाली एक मांडा

लागतात ते हे: मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), सिटी सर्व्हेचा नकाशा, खरेदीखत किंवा कन्व्हेयन्स (मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स झालं असेल तर त्याचा आदेश आणि नोंदवलेला दस्त), जुना मंजूर नकाशा आणि जुनं भोगवटा प्रमाणपत्र (ओसी). शहरात सी.एस. नंबर असतो, उपनगरांत सीटीएस नंबर. पार्ले, सांताक्रूझ, वांद्रे, बोरिवली, माहीम भागांत नगररचना योजना झालेल्या आहेत. तिथे अंतिम भूखंड क्रमांकही असतो. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा, कारण एका खात्यात एक चालतो आणि दुसऱ्यात दुसरा.

आता प्रत्येक कागदावरचं क्षेत्रफळ एकाखाली एक लिहा. जुन्या खतांत ते चौरस वारांत असतं. एक चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. ६२० वारांचा प्लॉट म्हणजे ५१८.३८ चौरस मीटर. "सहाशे मीटरच्या वर आहे" असं जे सभासद सांगतात त्यांनी बहुधा वारच वाचलेले असतात. कागदांत फरक असला तर सर्वांत कमी आकडा धरून पुढे चला. जास्तीचा आकडा सिद्ध झाला तर आनंदच आहे, पण त्यावर फ्लॅटची वाटणी करू नका.

तपासा: मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून नाव कुणाचं आहे? सोसायटीचं नाव लागलेलं नसेल तर सेटबॅक हस्तांतरित करायच्या वेळी काम तिथेच अडतं.

टप्पा ३: सरकारी मोजणी, नकाशा काढायच्या आधी

क्रम चुकतो तो मुख्यतः इथे. आर्किटेक्टला आधी प्लॅन काढायला लावायचा आणि मोजणी "नंतर बघू" म्हणायचं, ही सर्रास पद्धत आहे. मोजणीला रांग असते, फी भरावी लागते, लगतच्या धारकांना नोटिसा जातात. या सगळ्यात वेळ जातो. म्हणूनच अर्ज सगळ्यांत आधी टाकायचा. उपनगरांत नगर भूमापन कार्यालयाकडे, शहरात मुंबई नगर भूमापन व भूमि अभिलेखच्या अधीक्षकांकडे.

मोजणीच्या दिवशी काय करायचं ते नीट सांगतो, कारण तो दिवस वाया गेला तर पुन्हा फी आणि पुन्हा रांग.

आदल्या दिवशी हद्दीच्या कडेचा पालापाचोळा, भंगार, जुन्या कुंड्या, मोडक्या सायकली हलवून ठेवा. भूमापकाला कोपरे दिसले पाहिजेत. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला नोटीस गेली असली तरी स्वतः जाऊन सांगा. तो हजर नसला तर पुढे "आम्हाला विचारलंच नाही" हे ठरलेलं. भूमापक खुणा दाखवील तिथे त्याच्यासमोर पक्के खुंट ठोकून घ्या, खडूने भिंतीवर फुली मारून भागत नाही, पहिल्या पावसात ती जाते. प्रत्येक खुणेचा फोटो असा काढा की मागे कायमची काहीतरी वस्तू दिसेल: इलेक्ट्रिक मीटरची खोली, शेजारचा जिना, मॅनहोल. नंतर हातात येतो तो "क" प्रतीचा नकाशा. त्यावर वहिवाटीची रेषा आणि हद्दीची रेषा वेगळ्या दाखवलेल्या असतात. आपल्या कामाची रेषा हद्दीची.

इशारा: भिंत हद्दीच्या आत निघाली तर बाहेरची जागा आपली म्हणून लगेच भिंत पाडून पुढे सरकू नका. भिंत हद्दीबाहेर निघाली तर ते अतिक्रमण गप्प बसून पचतही नाही. दोन्ही गोष्टी लेखी मिटवाव्या लागतात.

टप्पा ४: डीपी रिमार्क आणि रस्त्याची नियमित रेषा

महापालिकेच्या संकेतस्थळावरून विकास आराखडा (डीपी) २०३४ चा रिमार्क, म्हणजे आपल्या प्लॉटबद्दलचा लेखी शेरा मिळतो. पहिल्या पानावरचं झोन आणि आरक्षण वाचून लोक फाइल बंद करतात. खरा मजकूर पुढे असतो. विद्यमान रस्ता, प्रस्तावित रस्ता, रस्तारुंदी यांच्या नोंदी वाचा; आणि त्याखाली नियमित रेषेचे दोन वेगळे रिमार्क असतात, एक ट्रॅफिकचा आणि एक सर्व्हेचा. एकात "नाही" असलं म्हणजे दुसऱ्यातही नसेल असं नाही. त्याच कागदात जलवाहिनी, मलनिस्सारण आणि जमिनीची पातळी यांचेही रिमार्क असतात. पातळी टाउन हॉल डेटमपासून, म्हणजे मुंबईत उंची मोजायच्या ठरलेल्या आधारपातळीपासून, मीटरमध्ये दिलेली असते, ती इमारतीच्या उंचीच्या हिशोबात कामाला येते.

नियमित रेषा म्हणजे महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम २९७ खाली ठरवलेली रस्त्याची कड. जुनी इमारत त्या रेषेपुढे आलेली असेल आणि ती पाडून नवी बांधायची असेल, तर कलम २९८ खाली मागे घ्यायला सांगता येतं. "आमची इमारत पन्नास वर्षं इथेच उभी आहे" हे खरं असलं तरी नव्या इमारतीला त्याचा आधार मिळत नाही.

रिमार्क हा फक्त सूचक. रेषा नेमकी कुठून जाते हे सर्व्हे विभागाकडून आखून घ्यावं लागतं.

यात एक चूक फार वेळा दिसते: सध्याचा रस्ता ९.१५ मीटर, रेषा १२.२० मीटरची, फरक ३.०५, म्हणजे आपल्या वाट्याला निम्मा, १.५२५. गणित बरोबर, गृहीतक कच्चं. रुंदी दोन्ही बाजूंना सारखीच वाटली जाते असं नाही. समोर जुनं चर्च, पंपिंग स्टेशन किंवा आधीच मागे घेतलेली इमारत असेल तर मंजूर रेषा पूर्ण आपल्या बाजूने आलेली असू शकते. मंजूर आलेख बघितल्याशिवाय निम्मा धरू नका.

कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन रस्ते, दोन रेषा, आणि त्या मिळतात तिथे कोपरा छाटला जातो. तो तिरपा तुकडा हिशोबातून कायम निसटतो.

टप्पा ५: तीन रेषा एकावर एक ठेवा

सगळ्या कामाचा गाभा हा. सर्व्हेअरकडून जागेचा टोटल स्टेशन सर्व्हे (यंत्राने केलेली अचूक मोजणी) करून घ्या: भिंती, झाडं, मॅनहोल, शेजारच्या इमारतींचे कोपरे, समोरच्या फुटपाथची कड. मग त्याच मापात मोजणीचा "क" नकाशा आणि नियमित रेषेचा आलेख त्यावर ठेवायचा. तीन रंग वापरा. जागेवर जे आहे ते काळ्याने, कायदेशीर हद्द निळ्याने, रस्त्याची रेषा लाल. हा एक कागद तयार झाला की कमिटीतले निम्मे वाद आपोआप मिटतात, आणि उरलेले निम्मे सुरू होतात.

गणित कसं बदलतं ते बघा. समजा प्लॉट २० मीटर रुंद, ३० मीटर खोल, ६०० चौरस मीटर. मंजूर रेषा १.५२५ मीटर आत. समोर ३ मीटर, बाकी तिन्ही बाजूंना ३.६ मीटर सोडायचे असं धरू. (हे आकडे गणितापुरते; तुमचे आकडे टप्पा ६ मध्ये ठरतील.)

कंपाउंड वॉलपासून मोजणाऱ्याची इमारत: खोली ३० वजा ३ वजा ३.६, म्हणजे २३.४ मीटर. रुंदी १२.८ मीटर.
रेषेपासून मोजणाऱ्याची इमारत: खोली २८.४७५ वजा ३ वजा ३.६, म्हणजे २१.८७५ मीटर. रुंदी तीच.

फरक दर मजल्याला १९.५२ चौरस मीटर. सात मजल्यांना १३६.६४ चौरस मीटर. दोन-तीन फ्लॅट कागदावरच गेले, आणि ते कुणाला तरी कबूल केलेले असतात. शिवाय पालिकेकडे जाणारी पट्टी २० गुणिले १.५२५, म्हणजे ३०.५ चौरस मीटर. तिचा मोबदला एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्रफळ) किंवा टीडीआरच्या (दुसऱ्या प्लॉटवर वापरता येणारा बांधकाम हक्क) रूपात मिळू शकतो, पण मिळालेला एफएसआय बसवायला जागा त्या आक्रसलेल्या चौकटीतच शोधावी लागते. एफएसआय आहे आणि बसत नाही, ही मुंबईतल्या छोट्या प्लॉटांची खरी रड.

तपासा: समोरचं अंतर लाल रेषेपासून, बाजूची आणि मागची निळ्या रेषेपासून. काळ्या रेषेपासून काहीही मोजलेलं नको. नकाशावरचे मापाचे बाण कुठे टेकलेत ते डोळ्यांनी बघा.

टप्पा ६: बाजूची आणि मागची अंतरं

इथे एकच आकडा सांगणारा माणूस भेटला तर सावध व्हा. अंतर ठरतं ते इमारतीची उंची, वापर (निवासी की व्यापारी), आणि त्या भिंतीत काय आहे यावरून. राहत्या खोलीची खिडकी त्या बाजूला उघडत असेल तर एक माप, फक्त संडास-बाथरूम किंवा जिना असेल तर दुसरं, आंधळी भिंत असेल तर तिसरं. म्हणून क्रम असा: आधी उंची पक्की करा, मग प्रत्येक बाजूच्या खिडक्या ठरवा, मग डीसीपीआरचा तक्ता उघडा. उलटं केलं तर दोन मजले वाढवताच सगळी अंतरं अपुरी पडतात.

गावठाण आणि कोळीवाड्यांना वेगळ्या तरतुदी आहेत. वेसाव्याचा प्लॉट लोखंडवालाच्या मापाने मोजू नका.

अग्निशमन हा वेगळाच हिशोब. उंच इमारतीला बंबाची गाडी फिरेल इतकी मोकळी, भार पेलणारी जागा लागते. ३२ मीटरच्या वर गेलात की या अटी कडक होतात. तक्त्याने बाजूचं अंतर कमी मागितलं तरी मुख्य अग्निशमन अधिकारी जास्त मागू शकतात, आणि शेवटी मोठा आकडाच टिकतो. त्या पट्ट्यात पार्किंगचा टॉवर, डीजी सेट (जनरेटर), कचऱ्याची खोली, गणपतीचा कायमचा मंडप असलं काही दाखवू नका. सबस्टेशनची जागा वीज कंपनीला आधीच द्यावी लागते. ती कुठे, हे याच टप्प्यावर ठरवलं नाही तर ती नेमकी बंबाच्या वाटेत येते.

छज्जे, बाल्कन्या, एसीचे कट्टे: काय मोकळ्या अंतरात पुढे येऊ शकतं आणि किती, याची यादी नियमावलीत आहे. यादीत नाही ते बांधकाम धरा आणि अंतर त्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजा.

टप्पा ७: प्लॉटच्या बाहेरून येणारी बंधनं

सगळी सगळ्यांना लागत नाहीत, पण एक जरी सुटलं तरी वरची सर्व मापं बदलतात.

- रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचं ना-हरकत. मध्य, पश्चिम, हार्बर, तिन्ही मार्गांच्या कडेला हे नेहमीचंच.
- सांताक्रूझ आणि जुहू विमानतळांमुळे उंचीवर मर्यादा. उंची बदलली की टप्पा ६ पुन्हा.
- समुद्र आणि खाडीच्या कडेला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. तिवरं असतील तर त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा. उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर यात पळवाट उरलेली नाही.
- प्लॉटला लागून नाला असेल तर पर्जन्य जलवाहिनी खात्याचा रिमार्क.
- बोरिवली, मुलुंडच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र.
- लष्करी जागेजवळ, उच्चदाब वाहिनीखाली किंवा वारसा परिसरात असाल तर त्या-त्या ठिकाणची परवानगी.

टप्पा ८: अंतर पुरत नसेल तर

पुरत नाहीच, बहुतेक वेळा. चार-पाचशे मीटरच्या प्लॉटवर सगळी अंतरं सोडली तर मधे जिना आणि लिफ्टच उरेल. म्हणून आयुक्तांच्या अधिकारात सवलत मागता येते आणि कमी सोडलेल्या जागेपोटी प्रीमियम भरावा लागतो.

इथे दोन गोष्टी. प्रीमियम भरला की काहीही चालतं, हा समज खोटा आहे. बंबाच्या वाटेवर सहसा तडजोड होत नाही. आणि हा प्रीमियम रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) दराशी जोडलेला असतो, म्हणजे दादर-पार्ल्याला तो चांगलाच चावतो. बिल्डरच्या ऑफरमध्ये तो कुणी भरायचा हे लिहिलेलं नसेल तर तो सोसायटीच्या कॉर्पसमधून वळता झालेला आढळतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार, म्हणजे लोक ज्याला सहकार कायद्याच्या कलमावरून ७९-अ म्हणतात त्यानुसार, व्यवहार्यता अहवाल करून घ्यावाच लागतो. त्या अहवालात कमतरतेचा तक्ता बाजूनिहाय मागा: किती लागतं, किती दिलं, किती कमी, प्रीमियम किती.

टप्पा ९: जागेवर आखणी आणि ताबा

नकाशा ऑटो डीसीआरमधून (नकाशा तपासणारी संगणक प्रणाली) गेला, आयओडी (अटींसह नकाशाला मंजुरी) आली, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) मिळाली. आता खुंट पुन्हा शोधा. पाडकामात जेसीबीने ते बहुतेक उखडलेले असतात. टप्पा ३ मधले फोटो तेव्हा उपयोगी पडतात. आखणीच्या वेळी आर्किटेक्ट, सर्व्हेअर आणि सोसायटीचा एक माणूस हजर हवा. दोरी बांधून चारही बाजूंची अंतरं मोजा, दोन्ही कर्ण मोजा आणि कागदावर सह्या घ्या. कर्ण जुळले नाहीत तर चौकट तिरकी आहे, मग बाजू कितीही बरोबर असोत.

जोतं झाल्यावर परत मोजा, स्लॅबच्या आधी. प्लास्टर आणि बाहेरचं क्लॅडिंग यांची जाडी धरा. बांधकामाच्या कडेपासून जेमतेम ३.६ बसवलेलं अंतर क्लॅडिंगनंतर ३.५५ होतं आणि ओसीच्या वेळी आक्षेप येतो. जोत्यावर चूक सापडली तर दुरुस्ती परवडते. सहाव्या मजल्यावर सापडली तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आणि वकिलाची फी.

सेटबॅकची पट्टी द्यायची ती रिकामी. टपरी, सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचा चौथरा, वॉचमनची केबिन, जुन्या भिंतीचा पाया, सगळं काढून, नवी भिंत रेषेच्या आत घेऊन. टपरीवाला तीस वर्षांचा असेल तर त्याच्याशी बोलणं पहिल्या टप्प्यापासूनच सुरू ठेवा. ताबा दिल्यावर ताबा पावती घ्या, मग सिटी सर्व्हेत अर्ज करून तेवढं क्षेत्र मिळकत पत्रिकेवर महापालिकेच्या नावे लावून घ्या. पावती आणि फेरफार झालेली पत्रिका हातात नसताना सेटबॅकच्या मोबदल्याचा एफएसआय किंवा टीडीआर कुठल्याही हिशोबात धरू नका, बिल्डर कितीही म्हणाला तरी.